एएलपी की बँक क्लार्क? पगाराचं नंतर, आधी झोपेचं बोलू

तुझा प्रश्न नीट दोनदा वाचला. डिप्लोमा मेकॅनिकल, वय २४, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या (एएलपी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याचा जोडीदार) परीक्षेत मेडिकलपर्यंत पोचलायस, आणि तेवढ्यातच एका सरकारी बँकेत क्लार्क म्हणून पण निवड झालीय. वडील म्हणतात रेल्वे सोडायची नाही, आईला इंजिनची भीती वाटते, जिथे लग्न ठरतंय ती मंडळी म्हणतात बँकच बरी, आणि तू विचारतोयस की पगार नक्की कुठे जास्त. मी एएलपी म्हणूनच लागलो, मग मालगाडी, पॅसेंजर करत आता मेल-एक्सप्रेस चालवतो, मध्य रेल्वेत. तू माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरेतुरेत लिहितो, राग मानू नको.

पगाराचं पटकन उरकून टाकतो. सातव्या वेतन आयोगात एएलपी लेव्हल २ ला आहे, मूळ पगार १९,९००. बँक क्लार्कचा सुरुवातीचा बेसिक २४,०५०. नुसतं बेसिक बघितलं तर बँक पुढे दिसते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांना, किलोमीटरवर रनिंग अलाउन्स मिळतो, नाइट ड्यूटीचे वेगळे, शिवाय बेसिकच्या ३० टक्के रक्कम पगाराचाच भाग धरून त्यावर डीए (महागाई भत्ता) मोजतात, त्यामुळे हातात येणारा आकडा एएलपीचा चांगला होतो आणि पुढे मालगाडीचा लोको पायलट झालास की लेव्हल ६, म्हणजे ३५,४०० बेसिक, तिथून फरक वाढतच जातो. पेन्शनच्या हिशोबात तर ५५ टक्के धरतात. आठवा आयोग लागला की आकडे बदलतील पण रचना साधारण हीच राहील. म्हणजे पैशात रेल्वे पुढे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र हे किलोमीटरचे पैसे गाडी चालवली तरच आहेत, रजेवर असलास की ते बंद, म्हणून वडिलांना कोणी महिन्याचा एक ठोक आकडा सांगितला असेल तर तो डोळे झाकून धरू नका.

आता मुद्द्याचं. तू शेवटी एक ओळ टाकलीस, "नंतर पस्तावायला नको". पगारावरून पस्तावलेला एएलपी मी फारसा बघितला नाही. जे पस्तावले ते झोपेवरून, आणि घरी नसण्यावरून. तुझा खरा प्रश्न असा आहे की तुला आणि तुझ्या घराला घड्याळाशिवाय जगता येईल का. त्याचं उत्तर तुझ्या कुठल्याच सिनियरला देता येणार नाही, पण घड्याळ जातं म्हणजे नक्की काय होतं ते मी सांगू शकतो.

सुरुवातीची बरीच वर्षं तू मालगाडीवर असशील. मालगाडीला टाइमटेबल नसतं. तुझा नंबर लागला की कॉल येतो, साधारण दोन तास आधी, आणि तो दुपारी दोनला येईल की रात्री दोनला हे कोणाच्या हातात नसतं. लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते त्या ऑफिसात जायचं, बायोमेट्रिक, तोंडाने फुंकून ब्रेथ टेस्ट, कुठे काय वेगमर्यादा आहे त्याची कॉशन ऑर्डर घ्यायची, सही करून साइन ऑन. गाडीवरची ड्यूटी नियमाने नऊ तासांच्या आसपास धरतात, गरज पडली तर अकरापर्यंत जाते, आणि गाडी मध्येच कुठल्या तरी लूप लाइनला (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) तीन तास उभी राहिली तरी तू इंजिनवरच असतोस. पोचलास की तिथल्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, आठ तास रेस्ट, ड्यूटी आठ तासांपेक्षा कमी झाली असेल तर सहाच. मग परतीचा कॉल.

हेडक्वार्टरला, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणी, आल्यावर १६ तास रेस्ट मिळते. ऐकायला भरपूर वाटतं ना? पण समज पहाटे ४ ला साइन ऑफ केलंस. घरी पोचून झोपेपर्यंत साडेपाच. रात्री ८ ला १६ तास पूर्ण होतात, म्हणजे संध्याकाळी ६ लाच कॉल येऊ शकतो. याचा अर्थ पहाटेची रात्रपाळी झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा रात्रपाळी, आणि मधली झोप भर दिवसा, गल्लीत भाजीवाल्याचा आवाज, शेजारी कोणाचं तरी टाइल्सचं काम चालू. आठवड्याची सुट्टी म्हणजे रविवार असं काही नसतं, महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच विश्रांत्या असतात. ते १६ तासही त्या ३० मध्येच मोजले जातात, म्हणून कर्मचाऱ्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे की १६ आणि ३० वेगळे धरा, ४६ तास द्या. ही मागणी मला शंभर टक्के योग्य वाटते. झोप न झालेला माणूस गाडीच्या पुढे बसलेला असणं हा फक्त त्या माणसाचा प्रश्न नाहीये, मागे हजार-बाराशे लोक झोपलेले असतात.

पॅसेंजर आणि मेलला आलास की लिंक मिळते, म्हणजे कुठल्या दिवशी कुठली गाडी हे आधी कळतं, आयुष्य बरंच जाग्यावर येतं. पण तिथे पोचायला वेळ लागतो, किती ते डिव्हिजनवर आणि रिकाम्या जागांवर अवलंबून. कुठे लवकर प्रमोशन होतं कुठे माणूस एएलपी म्हणूनच घासत राहतो. तू कुठल्या आरआरबीतून (रेल्वे भरती बोर्डातून) फॉर्म भरलास आणि कुठला झोन वर टाकलास ते लिहिलं नाहीस, त्याने फार फरक पडतो. गावापासून दीड तासावर हेडक्वार्टर मिळालं तर एक गोष्ट, छत्तीसगडमध्ये कुठेतरी मिळालं तर पूर्ण वेगळी गोष्ट, आणि म्युच्युअल ट्रान्सफर (दुसऱ्या कोणाशी बदलीची अदलाबदल) मिळेपर्यंत किती वर्षं जातील ते कोणीच सांगू शकत नाही.

आता कामाचं. लोकांना वाटतं एएलपी म्हणजे बाजूला बसून हात हलवणारा. तो हात हलवणं हेच अर्धं काम आहे. प्रत्येक सिग्नल दोघांनी बघायचा, हात दाखवून मोठ्याने म्हणायचा, एकाने म्हटलं की दुसऱ्याने परत म्हणायचं, रात्री तीनला पण, सलग शेकडो किलोमीटर. कारण रात्री तीनला डोळे उघडे असतात आणि डोकं बंद झालेलं असतं, आवाज काढला की डोकं जागं राहतं. इंजिनमध्ये व्हीसीडी नावाचं यंत्र असतं, मिनिटभर तू कशालाच हात लावला नाहीस तर आधी दिवा लागतो, मग बझर, तरी काही केलं नाहीस तर ते स्वतःच ब्रेक लावतं. आता कवच पण येतंय, लाल सिग्नलकडे गाडी तशीच जात असेल तर ते थांबवतं, पण अजून सगळ्या मार्गांवर नाही. तोपर्यंत आणि नंतरही बघायचं माणसानेच. लाल सिग्नल ओलांडला गेला तर नोकरी जाऊ शकते, तिथे जुनी चांगली सर्व्हिस फार कामाला येत नाही. हे तुला घाबरवायला सांगत नाही, पण या नोकरीत "आज मूड नाही" हा प्रकार नसतो हे आधीच माहीत असलेलं बरं.

बाकी एएलपीचं काम अंगमेहनतीचं आहे. इंजिन तपासायचं, बिघाड झाला तर खाली उतरून शोधायचा. मालगाडीत ५८-५९ डबे, लांबी पाऊण किलोमीटरच्या आसपास, आणि मध्येच कुठे हवेचा पाइप सुटला, गाडी थांबली, की टॉर्च घेऊन खडीवरून चालत जाणारा माणूस एएलपीच असतो. पावसात, झाडीतून, साप-विंचू बघत. उन्हाळ्यात विदर्भ-खानदेशात केबिन तापते ती वेगळीच, नव्या इंजिनांमध्ये एसी येतोय, युरिनल पण बसवायला लागलेत, जुन्यात दोन्ही नाही.

एका ताईंनी तुझ्याच प्रश्नाखाली विचारलंय की मुलींनी या लाइनला यावं का, म्हणून इथेच सांगतो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये एएलपी म्हणून लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट झाल्या, घाटातून गाड्या चालवल्या, २०२३ मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५ मध्ये रिटायर झाल्या. तेव्हा जमतं का हा प्रश्न संपलाय. पण युरिनलचा मुद्दा, रात्री आडबाजूच्या स्टेशनवर उतरण्याचा मुद्दा, हे मुलींना आमच्यापेक्षा कितीतरी जड जातात आणि त्याची सोय करणं हे प्रशासनाचं काम आहे, मुलींनी सहन करून दाखवण्याचं नाही. ताई, या, पण हेडक्वार्टर घराजवळ मिळतंय का ते आधी बघा.

आता जे सहसा कोणी सांगत नाही. कधी ना कधी तुझ्या गाडीखाली माणूस येणार. जनावरं तर येतातच. ताशी शंभरच्या वर वेगात असलेली गाडी इमर्जन्सी ब्रेक लावल्यावर पण किलोमीटरच्या आसपास जाऊन थांबते, म्हणजे माणूस दिसेपर्यंत तुझ्या हातात फक्त हॉर्न आणि ब्रेक उरतो, आणि दोन्ही करूनही गाडी जात राहते. माझ्या बाबतीत झालंय. नियमाप्रमाणे मागे गार्डला कळवायचं, पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा, आणि गाडी पुढे न्यायची, कारण मागच्या लोकांना पोचायचं असतं. चूक तुझी नसते, चौकशीत पण तसंच येतं. तरी ती आकृती डोळ्यासमोरून जायला वेळ लागतो. पहिल्या वेळेनंतर मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला जेवणाच्या ताटावरूनच कळलं. आता तरुण पोरांना मी स्पष्ट सांगतो, असं झालं तर गप्प बसू नका, आपल्या लोको इन्स्पेक्टरला सांगा, पुढची ड्यूटी झेपत नसेल तर तसं लिहून द्या, घरी बोला. मर्द आहेस विसरून जा, असं म्हणणारे सिनियर भेटतील, त्यांचं ऐकू नको. तुझ्या आईची भीती अपघाताची असेल, तर तिला सांग की इंजिनवरचा माणूस तिला वाटतो त्यापेक्षा सुरक्षित असतो. पण हे दुसरं जे आहे ते तू स्वतः विचारात घे.

एवढं सगळं असून मी ही नोकरी का करतो? कारण मला ती मनापासून आवडते, यात काही वाढवून सांगत नाही. घाटात गाडी चालवणं काय असतं ते बाहेरून कळत नाही. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी, दोन्हीकडे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढताना मागून बँकर इंजिनं ढकलतात, पुढचं इंजिन आणि मागची इंजिनं यांनी एकमेकांचा जोर ओळखून काम करायचं. आणि उतरणं त्याहून अवघड. खाली येताना ठरलेल्या ठिकाणी गाडी पूर्ण उभी करून दाखवावी लागते, पुढचे सांधे कॅच सायडिंगकडे लावलेले असतात, तुझे ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं की मगच मेन लाइन मिळते. गाडी सुटली तर ती चढाच्या सायडिंगमध्ये जाऊन थांबावी म्हणून ही सोय. भोर घाटातून १८६३ पासून गाड्या जातायत, इंजिनं बदलली, वाफेची गेली, विजेची आली, पण उतार तोच आहे आणि त्याच्यासमोर शहाणपणा चालत नाही. पावसाळ्यात धुकं खाली उतरलेलं, पुढचं काही दिसत नाही, नुसत्या ब्रेकच्या अंदाजावर आणि पाठ असलेल्या रस्त्यावर गाडी खाली आणायची, आणि कर्जतला उभी राहिली की डब्यातले लोक आळस देत बटाटावडा घ्यायला उतरतात. त्यांना काही जाणवलेलं नसतं. काही न जाणवणं म्हणजेच आपलं काम नीट झालं. मला यात जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं असतं असं वाटत नाही.

आणि एक म्हणजे इथे काम घरी येत नाही. साइन ऑफ केलं की संपलं. टार्गेट नाही, साहेबाचा रात्री व्हॉट्सअॅप नाही. माझा भाचा बँकेत क्लार्क आहे, त्याचं ऐकतो ना, कॅश टॅली होईपर्यंत उठता येत नाही, इन्शुरन्स विका, कार्ड विका, काउंटरवर लोकांचा ओरडा, सॉफ्टवेअर बंद पडलं तरी शिव्या यालाच. पण तो रोज संध्याकाळी घरी असतो, रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार त्याचा, पोरीच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी पहिल्या रांगेत. मी आमच्या मुलाची किती गॅदरिंगं व्हिडिओवर बघितली. ऑफिसर झाला तर त्याची पण बदली होईल, तेव्हा बँक म्हणजे कायम घराजवळ असंही समजू नको. पण क्लार्क म्हणून राहायचं ठरवलं तर तुझ्या राज्यात, बऱ्यापैकी ठरलेल्या वेळेत आयुष्य जातं.

मग कोणी कुठे जावं? माझं मत असं. ज्याला झोपेचा त्रास आधीपासून आहे, दिवसा अंधार करूनही डोळा लागत नाही, ज्याचं पित्त-अ‍ॅसिडिटी जागरणाने उसळतं, त्याने बँकेत जावं, यात काही कमीपणा नाही. घरी आजारी माणूस असेल आणि रात्री धावायला तूच एकटा असशील तरी बँकच. उलट ज्याला एकाच ठिकाणी बसून रोज तीच माणसं नको वाटतात, ज्याला मशीनची आवड आहे, जो कमी बोलून तासन् तास लक्ष ठेवू शकतो, तो इथे रमतो. लहानपणापासून रेल्वेचं वेड होतं एवढ्यावर मात्र येऊ नको. वेड असलेले बरेच जण मालगाडीच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत थंड पडलेले बघितलेत, आणि वेड नसलेले पण शिस्तीचे पोरगे उत्तम लोको पायलट झालेले पण बघितलेत.

एक फार महत्त्वाचं, जे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मेडिकल पास होईपर्यंत बँकेला नाही म्हणू नकोस. एएलपीला ए-१ मेडिकल लागतं, सगळ्यात कडक. दोन्ही डोळे ६/६, चष्म्याशिवाय. रंग ओळखणं, कमी उजेडातलं बघणं, सगळं तपासतात, आणि लेसिक केलं असेल तर बाद. लपवायच्या भानगडीत पडू नको, तपासताना कळतं. परीक्षा, सायको टेस्ट सगळं पार करून डोळ्यांवर अडकलेली पोरं आहेत आणि त्यातल्या काहींनी हातातली दुसरी नोकरी आधीच सोडलेली होती. आजच एखाद्या चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ए-१ च्या हिशोबाने तपासून घे, कलर व्हिजन पण. लागल्यावरही ४५ वयापर्यंत दर चार वर्षांनी, मग ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी मेडिकल होतं. त्यात बसला नाहीस तर नोकरी जात नाही, पगार सांभाळून दुसऱ्या कामावर घेतात, पण गाडी सुटते, आणि चालवणाऱ्या माणसाला ते लागतं.

दुसरं, हा निर्णय तू, वडील आणि सासरची मंडळी मिळून घेताय, जिला तुझ्याबरोबर राहायचंय तिचं मत तुझ्या लिहिण्यात कुठेच दिसलं नाही. तिला विचार. नुसतं "रेल्वे की बँक" असं विचारू नको, वरचं सगळं तिला वाचून दाखव, पहाटे चारचा हिशोब पण. शक्य असेल तर जवळच्या लॉबीत काम करणाऱ्या एखाद्याच्या घरी दोघं जाऊन या आणि तिला त्या घरातल्या बाईंशी एकटीला बोलू दे. मुलाला ताप आलेला असताना, पाहुणे आलेले असताना, गणपतीत आरतीला नवरा नसताना त्या घर कसं चालवतात ते त्याच नीट सांगतील. आमच्या घरी दुपारी बाराला मिक्सर लावत नाहीत, बेल काढून टाकलीय, आणि दिवाळी ज्या दिवशी मी घरी असेन त्या दिवशी असते. हे आमच्या बायकोने मान्य केलं म्हणून मी चालवू शकलो, नाहीतर मी पण ऑफिसमधलं काम मागून घेतलं असतं. तिला हे नको असेल तर तिचं बरोबर आहे, तिने तसं आत्ता सांगितलेलं बरं.

तिची तयारी असेल, डोळे नीट निघाले आणि झोन बरा मिळाला, तर मी म्हणेन रेल्वेत ये. तिन्हीतलं एक जरी डळमळीत असेल तर बँक घे आणि मागे वळून बघू नको.

मेडिकलच्या आदल्या दोन-तीन रात्री पूर्ण झोप काढ, मोबाईल लवकर बाजूला ठेव, डोळे शिणलेले असले तर उगाच शंका येते. ओरिजिनल कागद आणि झेरॉक्सचे सेट वेगवेगळ्या पाकिटात ने. रिझल्ट लागला की कुठलं डिव्हिजन मिळालं ते इथेच खाली लिही, तिकडच्या लॉबीत ओळखीचं कोणी असेल तर विचारून सांगतो की तिथे एएलपीला रेस्ट खरोखर किती मिळते.